नऊशे किलो बॉम्ब आणि कापडाचे पंख: हँडली पेज ओ/४००

एअरोनॉटिकल अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने सेमिनारसाठी चार गोष्टी विचारल्या आहेत. पहिल्या महायुद्धातलं हँडली पेज ओ/४०० हे लाकूड, कापड आणि तारांचं विमान नऊशे किलो बॉम्ब उचलायचं कसं? त्याला दोन मजली पंख का होते? युद्धात त्याचा खरोखर उपयोग झाला का? आणि ते भारतात आलं होतं हे खरं आहे का?

माझी नोकरी विमानांच्या सांगाड्यांवर गेली, शस्त्रांवर नाही. त्यामुळे उत्तर सांगाड्याच्या बाजूने झुकलेलं असेल, हे धरूनच वाचा. माझं मत आधीच सांगून टाकतो. बॉम्बफेकी म्हणून हे विमान बेताचं होतं. पण विमान मोठं करायला गेलं की कुठे काय बिघडतं याचं पहिलं सविस्तर शिक्षण ब्रिटिशांना या विमानाने दिलं. सेमिनारसाठी खरा मालमसाला तिथे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर १९१४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या हवाई विभागाचे प्रमुख मरे स्यूटर यांना लांब पल्ल्याचं जड बॉम्बफेकी विमान हवं होतं. शत्रूची आगेकूच लुळी पाडील असं यंत्र द्या, अशी मागणी आघाडीवरून आली होती असं सांगतात. मागणी नौदलाची होती याचं नवल वाटायला नको. ब्रिटनचं हवाई संरक्षण तेव्हा नौदलाकडे होतं, झेपेलिन या जर्मन हवाई जहाजांच्या शेड आणि बेल्जियमच्या किनाऱ्यावरचे पाणबुड्यांचे तळ ही त्यांचीच डोकेदुखी होती. लंडनच्या क्रिकलवुड भागात कारखाना असलेल्या फ्रेडरिक हँडली पेज यांनी काम घेतलं, आराखड्याची मुख्य जबाबदारी जॉर्ज फोल्कर्ट यांची. १७ डिसेंबर १९१५ रोजी लंडनजवळच्या हेंडन विमानतळावर पहिलं ओ/१०० उडालं, ओ/४०० चं हे आधीचं रूप. म्हणजे कागदापासून आकाशापर्यंत एक वर्ष! नावातले १०० म्हणजे वरच्या पंखाची फुटांमधली लांबी, साधारण ३०.५ मीटर. जगातलं पहिलं मोठं बॉम्बफेकी विमान मात्र हे नव्हे. रशियात सिकोर्स्कींचं चार इंजिनांचं इल्या मुरोमेट्स १९१३ च्या अखेरीस उडालं होतं आणि युद्धातही आधी उतरलं होतं.

आता दोन पंखांचा प्रश्न. उचलशक्ती दुप्पट व्हावी म्हणून दोन पंख, असं उत्तर बरेच विद्यार्थी देतात. ते अर्धवट आहे. वरखाली ठेवलेले पंख एकमेकांच्या हवेत ढवळाढवळ करतात, त्यामुळे तेवढंच क्षेत्रफळ एका पंखात मिळालं असतं तर ते जास्त कार्यक्षम ठरलं असतं. अडचण मजबुतीची होती. त्या काळी पंखाचा छेद पातळच असला पाहिजे असा समज होता. पातळ पंखात स्पारला, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईला, उंची मिळत नाही आणि उंची नसली की वाकण्याला विरोध करण्याची ताकद झपाट्याने घटते. पंधरा मीटर लांबीचा तसला एकटा लाकडी पंख स्वतःच्या भाराने आणि हवेच्या दाबाने मोडला असता. दोन पंख वरखाली ठेवून मध्ये उभे खांब आणि तिरक्या तारा लावल्या की सगळी रचना रेल्वेच्या त्रिकोणी जाळीच्या पुलासारखी होते. वरचा पंख दाब घेतो, खालचा ताण घेतो, तारा कातरबल घेतात. वजन कमी, ताकद भरपूर. किंमत मोजायची ती हवेच्या रोधात, कारण प्रत्येक तार आणि प्रत्येक खांब वारा अडवतो.

ओ/४०० चे आकडे घ्या. भरलेलं वजन सुमारे ६,०६० किलो, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १५३ चौरस मीटर. भागाकार केला की दर चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास भार येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या डाकोटा या मालवाहू विमानावर याच्या तिप्पट भार होता. एवढ्या हलक्या भारामुळे विमान ताशी ८० किलोमीटरच्या आसपासही हवेत तरंगू शकतं, आणि गवताळ, ओबडधोबड मैदानावरून उडू-उतरू शकतं. बॉम्ब कसे उचलायचे याचं उत्तर एवढंच. जादू कसलीच नाही, पंखाचं अफाट क्षेत्रफळ आणि मंद गती.

पण कमाल वेग ताशी १५७ किलोमीटर, तोही चांगल्या परिस्थितीत. खाली ८० ला विमान पडतं, वर दीडशेला इंजिनं संपतात, आणि पूर्ण भार घेऊन उंचीवर गेलं की ही दोन्ही टोकं आणखी जवळ येतात. वैमानिकाला खेळायला जागा किती उरली ते बघा. उंचीची मर्यादाही २,६०० मीटरच्या आसपास. सह्याद्रीच्या कळसूबाईवरून ते गेलं असतं, हिमालयाच्या पायथ्याच्या रांगांशी मात्र झगडावं लागलं असतं.

तीस मीटरचे पंख ठेवायचे कुठे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात येत नाही, पण आराखडा त्यानेही ठरतो. आघाडीवर एवढी मोठी हँगर नव्हती. म्हणून इंजिनांच्या बाहेरचे पंख बिजागरीवर मागे वळवून धडाला समांतर आणायची सोय केली. घडी होणारा पंख म्हणजे पंखाच्या सर्वांत ताणाच्या जागेजवळ मुद्दाम ठेवलेला सांधा. सांगाड्यावर काम करणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा आणणारी गोष्ट, पण त्यांनी ती नीट निभावली. याच घडीमुळे पहिलं विमान क्रिकलवुडहून हेंडनपर्यंत रात्री रस्त्याने ओढत नेता आलं. वाटेत झाडांच्या फांद्या छाटाव्या लागल्या.

आता सेमिनारचा गाभा: शेपटी. पहिल्या चाचण्यांत वेग वाढला की ओ/१०० चं शेपूट पिळल्यासारखं थरथरायचं. धड डावी-उजवीकडे पीळ खायचं आणि मागचे दोन एलेव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या फळ्या) एकाच वेळी उलट दिशांना हलायचे, एक वर तर दुसरा खाली. साहजिकच आधी इंजिनाच्या हादऱ्यांवर संशय गेला. १९१६ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तपास केला. मोटारगाड्यांमुळे प्रसिद्ध असलेले तेच लँचेस्टर. त्यांचा निष्कर्ष असा की ही इंजिनाशी जुळलेली अनुनादी थरथर नाही. धडाचा पीळ आणि एलेव्हेटरची हालचाल हवेतून ऊर्जा घेऊन एकमेकांना खतपाणी घालताहेत. दोन्ही एलेव्हेटर फक्त केबलनी जोडलेले होते. केबलला ताण कळतो, पीळ कळत नाही, त्यामुळे दोघांना उलटसुलट हलायला मोकळीक होती. उपाय काय? दोन्ही एलेव्हेटर एका ताठ नळीने घट्ट जोडा, म्हणजे ते एकत्रच हलतील. लिओनार्ड बेअरस्टो आणि आर्थर फेज यांनी त्याच सुमारास याची गणिती मांडणी केली.

हवेतून ऊर्जा घेऊन वाढणाऱ्या अशा थरथरीचा, म्हणजे फ्लटरचा, हा पहिला नोंदलेला शास्त्रीय अभ्यास समजला जातो. पुढच्याच वर्षी डी हॅविलंड डीएच-९ ला तोच रोग झाला, त्यात वैमानिकांचे जीव गेले, आणि तिथेही औषध तेच लागू पडलं. माझ्या नोकरीत जमिनीवर विमानाला कंपनं देऊन त्याच्या वारंवारता मोजण्याच्या चाचण्या पुष्कळ पाहिल्या. कोणतंही नवं विमान त्यातून गेल्याशिवाय उडत नाही. डावा आणि उजवा नियंत्रणपृष्ठभाग उलट दिशेला हलण्याचा प्रकार आजही त्या यादीत असतो. तुमच्या सेमिनारला एकच आकृती टाकायची असेल तर बॉम्बची टाकू नका, या शेपटीची टाका.

ओ/१०० ची एकंदर ४६ विमानं बनली. मूळ कल्पनेत चालकांसाठी काचेची बंद कोठी होती, त्यांच्याभोवती आणि इंजिनांभोवती चिलखती पत्रा होता. काच टिकली नाही, पत्रा जड पडला, कोठी गेली आणि माणसं उघड्यावर आली. हिवाळ्यात रात्री दोन हजार मीटरवर उघड्या कॉकपिटमध्ये पाच-सहा तास बसणं म्हणजे काय, याची कल्पना पुण्याच्या थंडीवरून करू नका.

ओ/४०० मध्ये मोठे बदल दोन, आणि दोन्ही देखभालीच्या दृष्टीने शहाणपणाचे. पहिला इंधनाचा. ओ/१०० मध्ये प्रत्येक इंजिनामागे नॅसेलमध्येच, म्हणजे इंजिनाच्या कवचातच, टाकी होती. ती काढून धडात दोन मोठ्या टाक्या बसवल्या. वाऱ्यावर फिरणाऱ्या छोट्या पंख्यांनी चालणारे पंप तिथलं पेट्रोल वरच्या पंखातल्या टाकीत चढवत आणि तिथून ते गुरुत्वाने इंजिनांकडे उतरे. पंप बंद पडला तरी वरच्या टाकीतलं पेट्रोल थोडा वेळ पुरे, म्हणजे उतरण्याची जागा शोधायला उसंत मिळे. दुसरा बदल इंजिनांचा. ओ/१०० ची रोल्स-रॉइस ईगल इंजिनं एकमेकांच्या उलट दिशेला फिरत. वैमानिकाला ते सोयीचं, कारण विमान एका बाजूला ओढत नाही. भांडारपालाला मात्र शाप, डावं इंजिन वेगळं, उजवं वेगळं, सुटे भाग वेगळे, पंखे वेगळे. ओ/४०० मध्ये दोन्ही इंजिनं एकाच दिशेची केली आणि जी ओढ आली ती शेपटीचा उभा पंख किंचित तिरका बसवून काढली. मला विचाराल तर संपूर्ण विमानातला हा सर्वांत परिपक्व निर्णय. ईगल-८ इंजिन ३६० अश्वशक्तीचं होतं, पण कारखान्यातून पुरेशा संख्येने निघत नव्हतं. विमानांचे सांगाडे तयार आणि इंजिनांची वाट बघणं चालू, अशी स्थिती १९१८ मध्ये बराच काळ होती. काही विमानांना सनबीम आणि फियाटची इंजिनं लावली ती यामुळेच.

बॉम्बबद्दल थोडक्यात. धडाच्या आत कप्पे होते, ११२ पौंडांचे सोळा बॉम्ब त्यात उभे टांगलेले असत. पुढे १,६५० पौंडांचा एकच अजस्र बॉम्बही नेऊ लागले, जुलै १९१८ मध्ये बेल्जियमच्या मिडलकर्कवर तो पहिल्यांदा टाकला. संरक्षणाला लुईस मशीनगन: दोन नाकावर, दोन पाठीवर, एक पोटाखालच्या झडपेतून.

युद्धातला प्रवेश फारसा शुभ नव्हता. १ जानेवारी १९१७ रोजी फ्रान्सला निघालेल्या पहिल्या विमानांपैकी एक वाट चुकून जर्मनांच्या ताब्यातल्या लाँ शहराजवळ उतरलं. अगदी धडधाकट अवस्थेत नवंकोरं विमान शत्रूच्या हाती! १६-१७ मार्चच्या रात्री मेट्झजवळच्या मूलँ रेल्वे जंक्शनवर पहिला हल्ला झाला. एप्रिलमध्ये बेल्जियमच्या किनाऱ्यावर दिवसाउजेडी जर्मन विनाशिकांवर हल्ले करून पाहिले, त्यात एक विमान पडलं आणि एवढं मंद यंत्र दिवसा नेण्यात अर्थ नाही हे उमगलं. तिथून पुढे काम मुख्यतः रात्रीचं.

एका विमानाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९१७ च्या उन्हाळ्यात एक ओ/१०० इंग्लंडहून इटली, बाल्कन ओलांडत एजियन समुद्रातल्या मुद्रोस तळावर गेलं. जुलैमध्ये केनेथ सेव्हरी यांनी ते कॉन्स्टँटिनोपलवर नेलं. लक्ष्य होतं गोबेन ही जर्मन बनावटीची युद्धनौका. ती वाचली, पण यादिगार-ई-मिल्लेत ही तुर्की विनाशिका बुडाली. ३० सप्टेंबरला हेच विमान पुन्हा तिकडे निघालं, वाटेत एक इंजिन बंद पडलं, एका इंजिनावर उंची टिकेना आणि ते समुद्रात उतरलं. वैमानिक पोहत किनाऱ्याला लागला आणि तुर्कांच्या कैदेत गेला. त्याचं नाव जॉन अल्कॉक. दोन वर्षांनी, जून १९१९ मध्ये, आर्थर ब्राऊनबरोबर अटलांटिक न थांबता ओलांडणारा तोच. अभियंत्याने यातून टिपायची गोष्ट वेगळी आहे: दोन इंजिनं असणं आणि एका इंजिनावर उडता येणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. भरलेल्या ओ/४०० च्या प्रत्येक अश्वशक्तीला आठ किलोंहून जास्त वजन ओढावं लागे. एक इंजिन गेलं की दुसरं विमानाला घरी नेत नसे, खाली पोचायला लागणारा वेळ फक्त वाढवत असे.

१९१७ मध्ये जर्मन गोथा विमानांनी लंडनवर दिवसाढवळ्या बॉम्ब टाकले, १३ जूनच्या एका हल्ल्यात १६२ माणसं मेली. ब्रिटनमध्ये प्रत्युत्तराची मागणी उसळली आणि हँडली पेजचं पारडं जड झालं. जून १९१८ मध्ये ब्रिटिश हवाई सेनानी ह्यू ट्रेंचर्ड यांच्या हाताखाली इंडिपेंडंट फोर्स उभी राहिली, नान्सीच्या आसपासच्या मैदानांवरून ऱ्हाइन आणि सार भागातल्या कारखान्यांवर, रेल्वेवर हल्ले करायला. १४-१५ सप्टेंबरच्या रात्री चाळीस हँडली पेज एकाच वेळी निघाली. दोन रात्रींनी, १६-१७ ला, सात परत आली नाहीत.

परत न येण्याचं एक मोठं कारण कागदावर मांडता येतं. नान्सीजवळच्या ओशे मैदानापासून कोलोन सरळ रेषेत सुमारे २७० किलोमीटर. विमान सावकाश ताशी ११० ने जातं असं धरा, एका बाजूला अडीच तास. त्या भागात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून, म्हणजे जाताना पाठीशी आणि येताना तोंडावर. ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर परतीला जवळजवळ चार तास लागतात. आठ तासांच्या इंधनात वाट शोधणं, सर्चलाइट चुकवणं, चढायला लागलेला वेळ, सगळं बसवायचं. वारा रात्रीतून वाढला तर वैमानिकाला ते कळणार कशाने? खाली चंद्रप्रकाशात चमकणारी मोझेल नदी, रेल्वेचे रूळ आणि आपल्या हद्दीत मोर्सची अक्षरं लुकलुकवणारे जमिनीवरचे दिवे, एवढीच साधनं. धुकं पडलं की तीही गेली. शत्रूच्या हद्दीत जितकी विमानं गमावली त्याहून जास्त आपल्याच मैदानांवर आणि आसपास उतरताना मोडली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

उपयोग झाला का? इंडिपेंडंट फोर्सने पाच महिन्यांत सुमारे ५५० टन बॉम्ब टाकले, त्यांतले सुमारे ३९० रात्री. पैकी २२० टन शत्रूच्या विमानतळांवर, म्हणजे जवळपास ४० टक्के बॉम्ब स्वतःचा बचाव करण्यात खर्च झाले. ऑगस्ट १९१८ मध्ये लॉसन आणि पर्व्हिस यांच्या दोन ओ/४०० नी मानहाइमच्या रासायनिक कारखान्यावर अगदी खाली, काहीशे फुटांवर येऊन बॉम्ब टाकले तेव्हा नेम लागला. पण तेवढ्या खाली येणं रोज परवडणारं नव्हतं, आणि वरून टाकलेले बॉम्ब शहराएवढं लक्ष्यही चुकत. युद्धानंतर पाहणी झाली तेव्हा कारखान्यांचं प्रत्यक्ष नुकसान फार थोडं निघालं. ट्रेंचर्ड यांनी मात्र लिहिलं की बॉम्बफेकीचा मानसिक परिणाम भौतिक परिणामाच्या वीसपट असतो. वीस हा आकडा कुठल्या मोजपट्टीने आला? मोजपट्टीच नव्हती. एका अभियंत्याने असा आकडा अहवालात टाकला असता तर त्याच्या साहेबाने वही परत फेकली असती. इथे तो एका हवाईदलाचं धोरण झाला.

आता भारत. डिसेंबर १९१८ मध्ये जनरल जेफ्री सामंड, अॅमियस बॉर्टन आणि ऑस्ट्रेलियन वैमानिक रॉस स्मिथ एक ओ/४०० इजिप्तहून कराची, दिल्लीमार्गे कलकत्त्यापर्यंत घेऊन आले. हे विमान आधी पॅलेस्टाइनमध्ये होतं. १९ सप्टेंबर १९१८ च्या पहाटे, मेगिद्दोच्या लढाईच्या आरंभी, अल-अफुलेचं टेलिफोन केंद्र यानेच उडवलं आणि तुर्की सेनापतींची एकमेकांशी बोलण्याची सोय तोडली. ओ/४०० ची माझ्या मते सर्वांत किफायतशीर कामगिरी हीच: लहान, नेमकं लक्ष्य, आणि त्याच सकाळी पायदळ-घोडदळ पुढे सरकायला तयार.

त्याच्या मागोमाग मोठा भाऊ आला. व्ही/१५०० हे विमान नॉरफोकहून थेट बर्लिन गाठण्यासाठी बनवलं होतं: चार ईगल इंजिनं, पुढे-मागे अशा जोड्यांत बसवलेली, पंख ३८ मीटर, वजन साडेतेरा टन. पहिला नमुना जून १९१८ मध्ये कोसळला. पुढची तीन विमानं तयार होईतो ११ नोव्हेंबर हा युद्धबंदीचा दिवस उजाडला आणि बर्लिन राहिलं. त्यांच्याच मालिकेतलं 'ओल्ड कार्थुशियन' १३ डिसेंबरला इंग्लंडहून निघालं आणि जानेवारी १९१९ मध्ये भारतात पोचलं. इंग्लंड ते भारत हा पहिला हवाई प्रवास.

मे १९१९ मध्ये तिसरं अफगाण युद्ध पेटलं. २४ मे रोजी कॅप्टन रॉबर्ट हॅली यांनी रिसालपूरहून ते विमान काबूलवर नेलं आणि अफगाण अमीर अमानुल्ला खान यांच्या राजवाड्याच्या परिसरात ११२ पौंडी चार आणि २० पौंडी सोळा बॉम्ब टाकले. अंतर एका बाजूला २६० किलोमीटर, पण मधे डोंगर, खाली उतरायला जागा नाही, आणि मे महिन्यातली विरळ गरम हवा इंजिन आणि पंख दोघांचीही ताकद खाणारी. उड्डाण म्हणून ते थक्क करणारं आहे. काबूलमध्ये घबराट झाली. पुढच्या महिन्यात युद्ध थांबलं. त्याचं श्रेय या एका फेरीला देणारे पुष्कळ आहेत. मी देणार नाही, कारण खैबरच्या आघाडीवर जमिनीवरची लढाईही अफगाणांच्या विरुद्ध फिरत होती. अमानुल्ला यांनी व्हाइसरॉयला पाठवलेलं पत्र मात्र जरूर वाचा. झेपेलिननी लंडनवर बॉम्ब टाकले तेव्हा तुम्ही त्याला रानटीपणा म्हणालात, आता तेच तुम्ही इथे करताय, असा त्याचा रोख होता. त्याला सरळ उत्तर देणं कठीण होतं. विमानाचं पुढे काय झालं? भारतातल्या वाळवीने त्याचं लाकूड पोखरलं आणि ते मोडीत निघालं.

मराठी माणूस यात कुठे होता का, असंही विचारलं जातं. बॉम्बफेकी विमानांवर कुणाचं नाव माझ्या पाहण्यात नाही. त्या युद्धात वैमानिक झालेल्या मोजक्या भारतीयांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर होते. ते २३ स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान उडवत आणि जून १९१८ मध्ये जर्मन हद्दीत पडून जखमांनी वारले.

सेमिनारसाठी एक व्यावहारिक सूचना. इंटरनेटवर ओ/१०० आणि ओ/४०० चे आकडे सर्रास मिसळलेले असतात. अश्वशक्ती २५० किंवा २६६ दिसली तर ते ओ/१०० चं इंजिन, ३६० असेल तर ओ/४०० चं ईगल-८. अमेरिकेत जुळवलेल्या विमानांना लिबर्टी इंजिनं होती, ते आकडे आणखी वेगळे. वेग आणि उंचीचा आकडा लिहाल तिथे वजन किती धरलंय तेही लिहा, नाहीतर तुलना फसते. पूर्ण ओ/४०० आज कुठेच शिल्लक नाही. त्याच पिढीची बांधणी जवळून बघायची असेल तर अल्कॉक-ब्राऊन यांचं मूळ व्हिमी (विकर्स कंपनीचं दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान) लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आहे आणि रॉस स्मिथ यांचं व्हिमी ऑस्ट्रेलियात अॅडलेडला. आकाराने ती लहान आहेत, पण स्पार, खांब, तारा यांची भाषा तीच. फोटो मिळवाल तेव्हा पंखाच्या मुळाजवळचे आणि शेपटीचे मिळवा, नाकाचे फोटो कुठेही सापडतील.